उन्हातलं मानपत्र

"काका, मानपत्रावरचं नाव उडालंय," असं ती दारातूनच म्हणाली आणि माझ्या हातातलं पाणी हिंदकळून सदऱ्यावर सांडलं. ती म्हणजे माझ्या मेहुण्याची सून. बायकोच्या थोरल्या भावाची. मी पेला खाली ठेवला, हात फडक्याला पुसले आणि काढता येईल तितका साधा आवाज काढून विचारलं, "उडालंय म्हणजे काय?" तर म्हणे, बाकी सगळं जसंच्या तसं आहे, सोनेरी वेलबुट्टी आहे, खालचा काळा मजकूर आहे, पण मधोमध जिथे मामंजींचं नाव होतं तिथे नुसता कोरा कागद. कुणी पाहुणे आले होते, त्यांनी भिंतीकडे बघून विचारलं, हे मानपत्र कुणाचं? तेव्हापासून मामंजी नीट जेवत नाहीत. तुम्हालाच बोलवा म्हणतात. ज्यानं लिहिलं तोच भरून देईल म्हणतात. "भरून देईन, देईन की," मी म्हणालो. माझी बायको आतून पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, "अगं बाई, असं कसं झालं हो?" मी म्हणालो, "ऊन लागलं असेल." आणि वळून खिडकीबाहेर बघायला लागलो, कारण तोंडावर काय उमटलं असेल याचा भरवसा नव्हता. उडालं! एकदाचं उडालं. वर्षभर मी रोज सकाळी ऊन पडलं की मनातल्या मनात त्या भिंतीकडे बघत होतो.

आमच्या नकाशांच्या ऑफिसात मेहुण्याला पट्टी म्हणायचे. माझा मेहुणा हेड ड्राफ्ट्समन होता आणि सागवानी फूटपट्टी हातात घेऊन आमच्या पाठीमागून फिरायचा. लांबच लांब खोली, एका बाजूला सगळ्या खिडक्या, खिडक्यांकडे तोंड करून तिरपे फळे, फळ्यांवर वाकलेली आमची डोकी. टाकाचा कुरकुर आवाज आणि पट्टीच्या बुटांचा आवाज, दुसरा आवाज नाही. रेघ जाडी आली की पेरावर पट्टी बसायची. चांगले पोराबाळांचे बाप आम्ही, आणि शाळेतल्यासारखे हात मागे घ्यायचो. घरी तो मला "मेहुणे, तुम्ही" म्हणायचा आणि ऑफिसात "ए, इकडे ये." ती नोकरी त्यानंच लावली होती हे मला कधी विसरू दिलं नाही, त्यानंही नाही आणि त्याच्या बहिणीनंही नाही. "दादानं चिकटवलं म्हणून," हे वाक्य आमच्या घरात मिठासारखं रोज लागायचं. भाजी चांगली मिळाली, दादानं चिकटवलं म्हणून. पोरीचं लग्न ठरलं, दादानं चिकटवलं म्हणून. मी तेव्हा हसायचो. काय करणार?

माझा बाप पाट्या रंगवायचा. दुकानांच्या पाट्या, दवाखान्याच्या पाट्या, साहेबाच्या भाषेतल्या आणि आपल्या भाषेतल्याही. शिडीवर चढून, एका हाताने डबा धरून, खडूची रेघही न मारता तो अशी अक्षरं काढायचा की रस्त्यावरची माणसं थांबायची. मला त्यानं अक्षर शिकवलं ते जमिनीवर पाण्याने. वाळायच्या आत बघून घे, म्हणायचा, चुकलं कुठे ते. त्याच्या अक्षराला पोट होतं, शेपूट होतं, अंगात मस्ती होती. मी ते घेऊन ऑफिसात गेलो आणि पहिल्याच दिवशी पट्टीनं माझा कागद सगळ्यांसमोर वर धरला. "हे काय पानाचं दुकान आहे?" म्हणाला. सगळे हसले. मग त्यानं मला ऑफिसचं वळण दिलं. आमच्या खोलीत सगळ्यांना एकच अक्षर काढावं लागे, त्याच उंचीचं, त्याच कलाचं, त्याच जाडीचं, म्हणजे एक नकाशा चौघांनी केला तरी एकानेच केल्यासारखा दिसावा. "इथे कुणाचं अक्षर नसतं, इथे ऑफिसचं अक्षर असतं," हे त्याचं लाडकं वाक्य. मी शिकलो. इतकं शिकलो की बापाला साधी चिठ्ठी लिहायला बसलो तरी हात तेच वळण काढायचा, आणि बाप ती चिठ्ठी लांब धरून म्हणायचा, छान आहे रे, पण छापल्यासारखं वाटतं.

आता एका चित्राचं सांगतो, कारण बाकी सगळं त्याच्यावरच आहे. मोठ्या साहेबाला घड्याळाच्या मनोऱ्याचं भव्य चित्र हवं होतं, राजधानीच्या प्रदर्शनात लावायला. बांधकामाचा नुसता नकाशा नव्हे, रंग भरलेलं, सावल्या टाकलेलं, चौफेर नक्षीची किनार आणि वर शोभिवंत अक्षरांत नाव. ते काम माझ्याकडे आलं. सबंध हिवाळा मी त्याच्यावर घालवला. एकेक वीट वेगळ्या छटेची. मनोऱ्याच्या कमानीखाली उन्हातून सावलीत शिरताना दगडाचा रंग जो बदलतो, तो साधेना म्हणून मी रविवारी खऱ्या मनोऱ्यासमोर जाऊन उभा राहायचो, आणि बायको म्हणायची, भूत लागलंय तुम्हाला त्या मनोऱ्याचं. बाप तेव्हा आजारी होता. त्याच्या उशाशी बसून मी सांगायचो, आज कमान झाली, आज कबुतरं काढली. तो डोळे मिटून ऐकायचा. "नाव घालतात का रे काढणाऱ्याचं?" त्यानं विचारलं. घालतात, म्हणालो. उजव्या कोपऱ्यात, लहान. आणि मी घातलं, खरंच घातलं, ऑफिसच्याच अक्षरात, नखाएवढं. साहेबानं परवानगी दिली होती. मग पट्टी म्हणाला, पाठवायच्या आधी माझी शेवटची नजर फिरू दे. चित्र त्याच्या खोलीत गेलं, तिथेच गुंडाळलं गेलं आणि तसंच गेलं.

राजधानीहून परत आल्यावर ते आपल्या नगरभवनात लावलं. पदक मिळालं होतं. मी बापाला धरून धरून घेऊन गेलो. त्याला धाप लागत होती तरी पायऱ्या चढला. चित्रासमोर उभा राहिला, टोपी काढली, आणि खूप वेळ बघत राहिला. मला वाटलं, जन्माचं सार्थक झालं. मग तो कोपऱ्याशी वाकला. नाकाला काच लागेल इतका जवळ गेला. मीही वाकलो. तिथे पट्टीचं नाव होतं, लांबलचक, ऑफिसच्या अक्षरात. माझं नाव ब्लेडने खरवडून, कागद नखाने गुळगुळीत घासून, वर त्यानं आपलं घातलं होतं. आणि अक्षर तर सगळ्यांचं एकच! सांगू कुणाला आणि दाखवू काय? बाप सरळ झाला. माझ्याकडे बघितलं नाही त्यानं. पायऱ्या उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "असू दे रे. बापाला बरं वाटावं म्हणून पोरं बोलतात असं. मीही बोलायचो माझ्या बापाशी." मी म्हणालो, "नाही हो, खरंच मी काढलंय." तो म्हणाला, "हो हो." इतक्या मायेने म्हणाला की मला तिथल्या तिथे त्या दगडावर डोकं आपटावंसं वाटलं. त्यानंतर तो फार जगला नाही. शेवटपर्यंत त्याच्या लेखी मी लबाड होतो, प्रेमळ लबाड. हे मी पट्टीला माफ करू? कोण म्हणतं?

एकदाच विचारलं होतं मी. त्याच्या खोलीत जाऊन, दार लोटून. "दादा, कोपऱ्यात माझं नाव होतं." त्यानं मान वर न करता म्हटलं, "कोपऱ्यात ऑफिसचं नाव असतं. जा, काम कर." घरी बायकोला सांगितलं तर ती पोळपाट तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "दादा असं करणार नाही," म्हणाली. "तुमचा काहीतरी गैरसमज होतोय." मी ताटावरून उठलो. तेव्हापासून माझी मागणी एकच. पदक नको, बढती नको, काही नको. त्या माणसानं आपल्या तोंडानं, कुणाच्या तरी समोर, एवढंच म्हणावं की ते चित्र याचं होतं. बस. त्या एका वाक्यासाठी मी त्याच्या हाताखाली म्हातारा झालो. रोज वाटायचं आज म्हणेल. त्याचं पोरगं गंभीर आजारी पडलं तेव्हा वाटलं आता म्हणेल. रिटायर व्हायची वेळ आली तेव्हा तर खात्रीच वाटली. म्हटलं नाही तर नाहीच.

उलट साहेबानं मलाच बोलावलं आणि म्हणाला, तुमच्या हेड ड्राफ्ट्समनला ऑफिसतर्फे मानपत्र द्यायचंय, तुझ्याइतकं शोभिवंत कोण लिहिणार? मजकूर हेडक्लार्कने लिहून दिला होता. आपल्या कनिष्ठांना पुत्रवत् मानून पुढे आणणारे. मनोऱ्याच्या चित्राने ऑफिसचं नाव उज्ज्वल करणारे. मी तो मजकूर वाचला आणि मला हसू यायला लागलं. हसू थांबेना. साहेबाला वाटलं आनंदाने. "घरी घेऊन जातो, सावकाश करतो," मी म्हणालो. आणि केलं सावकाश. ऑफिसचं अक्षर बाजूला ठेवलं. पहिल्यांदा मी माझ्या बापाचं अक्षर काढलं, पोटाचं, शेपटाचं, मस्तीचं. इतक्या वर्षांनी हात ते विसरला नव्हता. मजकूर काळ्या शाईत, आमच्या पक्क्या शाईत, जी पाण्यातसुद्धा हलत नाही. किनारीला सोन्याचा वर्ख. आणि मधलं नाव किरमिजी. बाजारात तेव्हा बाटल्यांतून नवी किरमिजी शाई यायची, दिसायला अशी की डोळे दिपावेत, पण आमच्यातलं कुणी ती कायमच्या कामाला वापरत नसे. उन्हात ती टिकत नाही. मी कागदाच्या एका कपट्यावर त्या शाईने चार रेघा ओढून, अर्ध्या झाकून, तो ऑफिसातून आणलेल्या निळे नकाशे छापायच्या चौकटीत ठेवला, काचेखाली, गच्चीवरच्या उन्हात. हळूहळू उघड्या रेघा गुलाबी झाल्या, मग मळकट, मग काही नाही. झाकलेल्या मात्र टवटवीत. मी तो कपटा हातात घेऊन गच्चीवर बसून राहिलो. खाली बायको शेजारणीला सांगत होती, आमच्या दादाचं मानपत्र करताहेत हो, जीव ओतताहेत अगदी.

ओतलाच होता. नाव मी असं काढलं की साहेबानं चष्मा लावून दोनदा बघितलं. समारंभात पट्टीच्या गळ्यात हार, हातात मानपत्र, आणि मी टाळ्या वाजवतोय सगळ्यांबरोबर. तो माझ्यासमोर आला तेव्हा म्हणाला, "छान झालंय, मेहुणे. पानाच्या दुकानाचं अक्षर तुम्ही विसरला नाहीत." सगळे हसले, मीही हसलो. त्याच्या घरी फ्रेम लावताना मीच सुचवलं, समोरच्या भिंतीला लावू या, खिडकीतून उजेड येतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल. बायको म्हणाली, "बघ दादा, किती काळजी यांना!" खिळा मी माझ्या हाताने ठोकला. त्यानंतर त्या घरी मी पाऊल टाकलं नाही. बायको कधीमधी दिवेलागणीला जायची, येऊन सांगायची, दादाला हल्ली कमी दिसतं, तुमची आठवण काढत होता. मी म्हणायचो, हो का. माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. पट्टी आरामखुर्चीत बसलाय, समोर भिंत आहे, आणि रोज, रोज त्याचं नाव थोडं थोडं जातंय. त्याला कळतंय की हे कुणी केलं, आणि बोलता येत नाहीये. कारण कोणत्या तोंडाने बोलणार? माझं नाव पुसलंय असं तो मला म्हणेल?

तर आम्ही गेलो. मी टाक घेतला, पक्की काळी शाई घेतली, बायकोनं कसलासा डबा भरून घेतला. तो समोरच्या खोलीत खाटेवर उशांना टेकून बसला होता. वाळला होता. नुसते खांदे आणि कान. मी भिंतीकडे बघितलं. काय सांगू! काळी अक्षरं ठणठणीत, सोनं झळाळतंय, आणि मधोमध धुतल्यासारखी मोकळी जागा. इतकं नेटकं काम माझ्या हातून आयुष्यात झालं नव्हतं. मग मी त्याच्या तोंडाकडे बघितलं, तो काय बघतोय ते बघायला. तो काहीच बघत नव्हता. डोळे उघडे होते आणि पांढुरके होते. "कोण, मेहुणे ना?" तो म्हणाला आणि भलतीकडे हात पुढे केला. बायको माझ्या कानाशी म्हणाली, "मी सांगत नव्हते तुम्हाला, दिसत नाही नीट म्हणून? रिटायर झाल्यावर लगेचच गेले डोळे. आता उजेडसुद्धा कळत नाही त्याला." म्हणजे त्यानं पाहिलंच नाही! एक दिवससुद्धा नाही! त्याच्या डोळ्यांपुढे ते नाव अजून जसंच्या तसं किरमिजी होतं, आणि मी वर्षभर गच्चीवर बसून एका आंधळ्यासाठी ऊन मोजत होतो. इतका राग मला नगरभवनाच्या पायऱ्यांवरही आला नव्हता.

सुनेनं फ्रेम उतरवून, काच काढून, कागद मेजावर ठेवला आणि ती चहाचं बघायला आत गेली. मी खुर्ची ओढली. खाट हातभर अंतरावर. बायको माझ्या खांद्याशी उभी. "काळ्या शाईत करा," तो म्हणाला. "ती किरमिजी टिकत नाही. माहीत असायला हवं होतं तुम्हाला." मी टाक बुडवला. त्याला दिसत नाही तर नाही, पण ऐकू तर येतं. लिहून झाल्यावर तो वाचून दाखव म्हणणारच, हे मला ठाऊक होतं, म्हातारे म्हणतातच. मग कुणीतरी वाचेल आणि त्याला ऐकावं लागेल. मी कोऱ्या जागेवर माझं नाव लिहिलं. माझ्या बापाच्या अक्षरात, पूर्ण नाव, मध्ये बापाचं नावही. बायकोनं ते वाचलं. तिनं माझा खांदा घट्ट धरला, मी थांबलो नाही. शेवटची शेपटी अशी ओढली की किनारीच्या वेलीपर्यंत गेली.

"झालं?" तो म्हणाला. "वाच गं तू. बघू दे कसं वाटतं ते."

मी मान वळवून बायकोकडे बघितलं. ती कागदाकडे बघत होती, माझ्या नावाकडे. मग तिनं घसा खाकरला आणि भावाचं नाव वाचलं. अडखळली नाही, चुकली नाही, पदवीसकट सगळं घडाघडा. आणि म्हणाली, "फार सुरेख काढलंय, दादा." माझ्याच देखत! माझ्या नावावर बोट ठेवून!

तो हसला. उशीवर डोकं टेकून, घशातल्या घशात. "राहू दे, तू नको वाचूस," तो म्हणाला. "माझ्या नावाला याच्या दुप्पट टाक चालतो. सगळा जन्म मी याच्या पाठीमागे उभा राहून तो आवाज ऐकलाय. हे आखूड नाव आहे. याचं आहे." बायको मटकन खाली बसली. मी उठून उभा राहिलो, हातात ओला टाक. आता, मला वाटलं. आता म्हणतो. तोंडात आलंय त्याच्या. त्यानं हात हवेत फिरवला, आमच्यावरून काहीतरी ओवाळून टाकल्यासारखा. "असू दे. तसंच लावा भिंतीला. त्याची हौस आहे ना, दिलं मी ते त्याला."

"दिलं?" मी म्हणालो. "दिलं म्हणजे? मनोऱ्याचं चित्र माझं होतं. तुम्हाला ठाऊक आहे. एकदा म्हणा, दादा. ही तुमची बहीण बसलीय, हिच्यासमोर म्हणा."

त्यानं कान माझ्याकडे वळवला. ते पांढुरके डोळे भिंतीवर. मला त्याचे ओठ हललेले दिसले, खरंच दिसले. तेवढ्यात सून चहाचे कप घेऊन आली. "यांना आधी दे," तो म्हणाला. "आणि साखर घाल, लिहून दमलेत." सुनेनं कागद बघितला, आमच्या तोंडांकडे बघितलं, काय ते तिला अर्धवट कळलं असावं, कारण तिचे डोळे भरून आले. दारापर्यंत सोडायला आली तेव्हा हळूच म्हणाली, "मामंजींचं मन किती मोठं आहे ना, काका?"

रस्त्यावर बायको पुढे पुढे चालली. पेटीवाल्याच्या दुकानापाशी थांबून पदराने तोंड पुसलं. "झालं का मनासारखं?" म्हणाली. "नाव घातलंत, त्यानं राहू दिलं. आता आणखी काय हवंय तुम्हाला त्या आंधळ्याकडून?" त्याचे ओठ हलले होते. चहा आला नसता तर तो बोलला असता, हे मी शपथेवर सांगतो.

"उद्या येऊ पुन्हा," मी म्हणालो. "परवाही येऊ. बसत जाईन त्याच्याजवळ."

ती चालता चालता थांबली. माझा शाई लागलेला हात तिनं दोन्ही हातांत घेतला, भर रस्त्यात, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "मला माहीत होतं," ती म्हणाली, "तुम्ही मनाने वाईट नाही." मी तो हात सोडवून घेतला नाही. म्हातारा हा हिवाळा काढेल असं डॉक्टर म्हणाले होते. तेवढा वेळ मला पुरे होता.